चाकांवरचें घर ओढण्यास ट्रक कोणता घ्यावा ?—पेट्रोलचा कीं डिझेलचा

महसूल खात्यांतील कारकुनीची नोकरी संपवून मी घरीं बसलों. त्यानंतर कन्येच्या आग्रहावरून अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत तिच्याकडे साडेपांच महिने राहण्याचा योग आला. त्या मुक्कामांत ज्या एका प्रश्नानें घरांतील सर्व मंडळींस बेजार करून सोडलें, त्याची हकीकत व हिशेब प्रस्तुत लेखांत मांडण्याचें योजिलें आहे. आपल्या वर्गणीदारांपैकीं पुष्कळांचीं मुलें आतां त्या देशांत नांदत आहेत व असले प्रश्न त्यांच्यापुढें येतात, हें लिहिण्याचें एक कारण. दुसरें असें कीं, ओझें ओढण्याचें शास्त्र सर्वत्र एकच आहे. आणि ज्यानें जन्मांत बैलगाडी भरली आहे त्याला त्यांतला निम्मा भाग न शिकवितां येतो.

प्रथम शब्दांचा खुलासा करतों. चाकांवरचें घर म्हणजे जिच्यांत निजण्याच्या फळ्या, चूल, पाण्याची टाकी, शौचकूप इत्यादि सर्व सोय आहे अशी बंद गाडी. तिला तिकडे आर. व्ही. म्हणतात. अशा कांहीं गाड्यांना स्वतःचें इंजिन असतें. पण येथें विचार करावयाचा तो इंजिन नसलेल्या, ट्रकच्या मागें जोडून न्याव्या लागणाऱ्या घरांचा. हीं घरें दोन जातींचीं असतात. एक ट्रकच्या पाठीमागील लोखंडी गोळ्यास अडकविण्याचें. दुसरें अधिक वजनदार, ज्याची मान ट्रकच्या हौद्यांत मधोमध बसते व ज्याला 'पांचवें चाक' या अर्थाचें 'फिफ्थ व्हील' असें चमत्कारिक नांव आहे. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पेट्रोलला तिकडे गॅसोलीन व त्याचें लघुरूप म्हणून 'गॅस' म्हणतात. जावईबापू प्रथम 'गॅसचा ट्रक' असें म्हणाले तेव्हां मला आपल्याकडील सी. एन. जी. च्या रिक्षा आठवल्या, व दोन दिवस मी भलत्याच समजुतींत होतों.

जावईबापूंजवळ पेट्रोलवर चालणारा, अर्धा-टनी म्हणतात त्या वर्गांतला ट्रक होता. त्यांनीं वसंतांत एक वापरलेलें चाकांवरचें घर खरेदी केलें. ट्रकच्या जाहिरातींत ओढण्याची शक्ति ९,५०० पौंड लिहिली होती व घराच्या कागदावर रिकामें वजन ५,४०० पौंड होतें. तेव्हां चार हजार पौंडांची शिल्लक आहे असें समजून जूनच्या पहिल्या आठवड्यांत आम्ही पांच माणसें डेन्व्हरहून पश्चिमेच्या डोंगरांत निघालों.

डेन्व्हर शहरच ५,२८० फुटांवर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या शिखराइतक्या उंचीवर वसलें आहे. तेथून आंतरराज्य मार्ग ७० हा चढत चढत आयझेनहॉवर बोगद्यास जातो. १९७३ सालीं खुल्या झालेल्या या बोगद्याची उंची पश्चिमेच्या तोंडाशीं ११,१५८ फूट आहे. चढावर ट्रकचें इंजिन आक्रोश करीत होतें, परंतु आम्ही वर पोहोंचलों. खरा प्रसंग पुढें आला. बोगद्याबाहेर पडल्यापासून सिल्व्हरथॉर्न गांवापर्यंत आठेक मैलांत रस्ता दोन हजार फुटांहून अधिक खालीं उतरतो. पहिल्या दोन मैलांतच मागील ओझें ट्रकला लोटूं लागलें. जावईबापूंनीं पाय ब्रेकवरून उचललाच नाहीं. थोड्या वेळानें जळक्या वासानें गाडी भरली. ब्रेक निकामी झालेल्या मालट्रकांकरितां त्या उतारावर बाजूस रेतीचे चढ बांधून ठेविले आहेत. त्यांपैकीं एकाची पाटी दिसली तेव्हां कन्येनें माझा हात घट्ट धरला. दैवाची कृपा एवढीच कीं तो चढ वापरण्याची पाळी आली नाहीं. खालीं येऊन गाडी उभी केली तेव्हां ब्रेकच्या पेडलाखालीं जोर उरला नव्हता व मागील एका चाकांतून धूर निघत होता. चाकें निवण्यास दोन तास लागले.

त्या दोन तासांत जावईबापूंनीं निश्चय केला कीं, "बाबा, आतां डिझेलचाच ट्रक घ्यायचा." मित्रमंडळींचेंही मत तेंच पडलें. मला मात्र असें वाटलें कीं रोग कोणता हें पाहण्यापूर्वींच औषध ठरत आहे. मी इंजिनाचें शास्त्र शाळेंत शिकलों नाहीं. परंतु चौतीस वर्षें आकडे तपासण्यांत गेलीं असल्यामुळें, जेथें दहा हजार डॉलरांचा प्रश्न आहे तेथें आधीं वही उघडावी ही संवय जडली आहे.

दोन इंजिनांतील भेद.—विहिरीवरील ऑइल इंजिन ज्यांनीं हँडल मारून सुरू केलें आहे त्यांस हा भेद हाताला कळलेला आहे. पेट्रोलच्या इंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दट्ट्यानें दाबून विजेच्या ठिणगीनें पेटवितात. डिझेलच्या इंजिनांत आधीं नुसती हवाच इतकी दाबतात कीं ती अतिशय तप्त होते, व तिच्या उष्णतेनेंच आंत फवारलेलें तेल पेट घेतें. ठिणगी लागत नाहीं. पेट्रोलच्या इंजिनांत हवा मूळच्या सुमारें दहाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, तर डिझेलच्या इंजिनांत सोळाव्या हिश्शापर्यंत. या एका गोष्टींतून बाकी सर्व निघतें. दाब अधिक म्हणून इंजिन जाड, जड व महाग. आणि दाब अधिक म्हणूनच तेवढ्याच तेलांतून काम अधिक. रुडॉल्फ डिझेल यानें जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें १८९७ सालीं हें इंजिन यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें, व १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत असलें एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालविण्यांत आलें होतें, ही गोष्ट शेतकऱ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

पेट्रोल म्हणजे घोडा व डिझेल म्हणजे बैल ही उपमा कोणासही सुचेल. जुन्या इंजिनांस ती लागू होती. हल्लींच्या इंजिनांस ती अर्धीच लागू पडते. फोर्ड कंपनीच्या २०२० सालच्या मोठ्या ट्रकांचे आकडे पहा. ७.३ लिटरचें पेट्रोल इंजिन ४३० अश्वशक्तीचें, तर ६.७ लिटरचें डिझेल इंजिन ४७५ अश्वशक्तीचें. म्हणजे घोडेपणांतही बैल पुढेंच आहे! पण खरें अंतर चाक फिरविण्याच्या जोरांत, ज्याला टॉर्क म्हणतात त्यांत आहे. पेट्रोलच्या इंजिनाचा तो जोर ४७५ पौंड-फूट व तोही मिनिटास चार हजार फेरे झाल्यावर. डिझेलचा १,०५० पौंड-फूट व तो अवघ्या सोळाशे फेऱ्यांच्या सुमारास. म्हणून चढावर पेट्रोलचें इंजिन ओरडतें व डिझेलचें घुमतें. ओरडण्यानें इंजिन बिघडतें असें मात्र नव्हे. कारखानदारानें तें तसें चालण्यासाठींच केलें आहे. आपल्याच कानांस त्याची संवय नसते.

उंचीचा परिणाम याहून महत्त्वाचा आहे. वर हवा विरळ होते. ज्या इंजिनास हवा कोंबणारा पंखा, म्हणजे टर्बो, नाहीं, त्याची शक्ति दर हजार फुटांस शेकडा सुमारें ३ या मानानें घटते. या हिशेबानें वरील ४३० अश्वशक्तीचें पेट्रोल इंजिन डेन्व्हरलाच सुमारें ३६० चें होतें व आयझेनहॉवर बोगद्याशीं २९० चें राहतें. डिझेलला टर्बो असल्यामुळें त्याची घट पुष्कळच कमी होते. सबब जो मनुष्य कान्सासच्या सपाट प्रदेशांत राहतो त्याचा प्रश्न व कोलोरॅडोंत राहणाराचा प्रश्न एक नव्हे.

उताराविषयीं लोकांची समजूत उलटी असते. नुसत्या डिझेल इंजिनाची आंवरशक्ति मुळांत थोडी. पेट्रोलच्या इंजिनांत पाय उचलला कीं हवेचें दार मिटतें व इंजिन गाडीस मागें खेंचतें. डिझेलला तसें दार नसल्यामुळें तें मोकळेंच फिरत राहतें. ही उणीव भरून काढण्यासाठीं हल्लींच्या डिझेल ट्रकांत धुराच्या नळींतील वाट आंवळून इंजिनास कोंडण्याची युक्ति बसविलेली असते, तिला एक्झॉस्ट ब्रेक म्हणतात. ती युक्ति इतकी उत्तम आहे कीं मोठें ओझें घेऊन लांब उतार उतरतांना पाय ब्रेकला क्वचितच लावावा लागतो. माझ्या मतें डिझेलच्या बाजूनें सर्वांत मोठा मुद्दा कोणता असेल तर हा आहे. चढावरची ऐट हा नव्हे. चढावर मागें पडणारास फार तर उशीर होतो.

वजन.—आतां मूळ रोगाकडे वळूं. ट्रकच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पिंवळी-पांढरी चिठ्ठी चिकटविलेली असते. माणसें व सामान मिळून ट्रकच्या अंगावर जास्तींत जास्त किती भार घालावा तें तींत लिहिलेलें असतें. जावईबापूंनीं ट्रक घेतल्यापासून ती कधीं वाचली नव्हती. तींत १,४८० पौंड, म्हणजे सुमारें ६७० किलो, असें होतें. जाहिरातींतील ९,५०० हा आकडा मागें ओढण्याचा, व हा १,४८० अंगावर घेण्याचा. दोन्ही मर्यादा एकाच वेळीं पाळावयाच्या असतात, आणि बहुधा दुसरी आधीं मोडते.

ती कां मोडते हें बैलगाडीवाल्यास सांगणें नलगे. गाडींत माल मागें जास्त झाला तर गाडी उलाळ होते, जूं वर उठतें व बैलाच्या गळ्याखालचें जोतें आंवळून त्याचा श्वास कोंडतो. माल पुढें जास्त झाला तर जूं मानेवर दाबतें व खांदा सुजतो. म्हणून जाणता गाडीवान थोडें, पण थोडेंच, वजन जुंवावर येईल असा माल रचतो. चाकांवरच्या घरास हाच नियम आहे. गोळ्यावर अडकविलेल्या घराच्या एकूण वजनापैकीं शेकडा १० ते १५ व पांचव्या चाकाच्या घराच्या शेकडा १५ ते २५ भार ट्रकवर यावा लागतो. त्याहून कमी आला तर मागचें घर वेगांत शेपटासारखें डोलूं लागतें व प्रसंगीं ट्रकसह उलथतें. हा भार ट्रकच्या अंगावरचाच होय. तो त्या १,४८० पौंडांतूनच वजा होतो, हें विकणारा कधीं सांगत नाहीं.

घाटाच्या प्रसंगानंतर मीं हट्ट धरून गाडी काट्यावर नेवविली. मोठ्या रस्त्यांवरील ट्रकांच्या थांब्यावर वजनकाटे असतात व थोडे डॉलर दिले कीं पुढील आंस, मागील आंस व ट्रेलरचे आंस यांचीं वजनें निरनिराळीं छापून मिळतात. आपल्याकडे उसाच्या काट्यापुढें ताटकळलेल्या शेतकऱ्यास तो व्यवहार पाहून समाधान वाटेल. रीत अशी : भार वांटणाऱ्या दांड्या सैल करून आधीं सर्व जोडलेलें वजन घ्यावें, मग घर सोडून नुसत्या ट्रकचें घ्यावें. दोहोंतील अंतर तें घराचें खरें वजन. त्यांतून घराच्या आंसांवरील वजन वजा केलें म्हणजे ट्रकच्या अंगावर किती येतें तें निघतें. आमचें घर कागदावर ५,४०० पौंडांचें, तें पाणी, अंथरुणें, भांडीं, डबे, गॅसच्या टाक्या वगैरे धरून ७,००० भरलें, म्हणजे सुमारें पावणेबत्तीस क्विंटल. त्यांपैकीं आंसांवर ६,१२५ व ट्रकच्या पाठीवर ८७५. पांच माणसांचे ६२०, हौद्यांतील सायकली व लांकडें २१०, जोडणीच्या लोखंडाचे ९०. बेरीज १,७९५. मर्यादा १,४८०. म्हणजे ३१५ पौंड अधिक भार घेऊन आम्ही तो घाट उतरलों होतों. ओढण्याच्या आंकड्यांत अडीच हजारांची शिल्लक असतां अंगावरचा भार मात्र मर्यादेपलीकडे गेला होता. ज्या परीक्षेवरून जाहिरातींतील ओढण्याचा आंकडा काढतात, तींत ट्रकमध्यें चालक व एक सोबती, प्रत्येकीं १५० पौंडांचा, एवढींच माणसें धरतात, हें मला नंतर कळलें. कुटुंब धरीत नाहींत.

येथें डिझेलचा एक गुप्त दोष उघडा पडतो. त्याचें जड इंजिन हेंही ट्रकच्या अंगावरचेंच ओझें. विक्रीच्या आवारांत मीं व नातवानें मिळून पाऊण-टनी वर्गांतील ट्रकांच्या दारांवरच्या चिठ्ठ्या वाचीत एक दुपार घालविली. (अर्धा-टनी, पाऊण-टनी हीं नांवें जुनी आहेत, त्यांचा प्रत्यक्ष वजनाशीं आतां कांहीं संबंध उरलेला नाहीं.) एकाच बांधणीच्या दोन ट्रकांत पेट्रोलवाल्याच्या दारावर ३,३०० पौंड व डिझेलवाल्याच्या दारावर २,६०० पौंड असें आढळलें. कारण त्या वर्गांतील पुष्कळ ट्रकांचें स्वतःच्या वजनासह एकूण वजन १०,००० पौंडांवर बांधलेलें असतें. इंजिन जितकें जड तितकी माणसांसामानाची जागा कमी. शक्ति वाढावी म्हणून दहा हजार डॉलर द्यावे व त्याबरोबर ७०० पौंडांची वाहण्याची ताकद गमवावी, असा हा सौदा आहे. पांचव्या चाकाचें १२,००० पौंडांचें घर पाऊण-टनी डिझेलवर चढविलें तर शेकडा २० प्रमाणें २,४०० पौंड त्याच्या पाठीवर येतात. माणसें बसण्यापूर्वींच चिठ्ठी संपली. अशा घरास एक-टनीच ट्रक पाहिजे, मग इंजिन कोणतेंही असो.

जूनअखेर कन्येच्या मैत्रिणीकडे कान्सासच्या पश्चिम भागांत जाण्याचा प्रसंग आला. गव्हाची कापणी जोरांत होती. तिकडे कापणीयंत्रें घेऊन फिरणाऱ्या टोळ्या असतात. मे महिन्यांत टेक्ससमध्यें कापणीस आरंभ करून, जसजसा गहूं पिकत जातो तसतशा त्या उत्तरेकडे सरकतात व सप्टेंबरच्या सुमारास मोंटाना, उत्तर डकोटा येथें पोहोंचतात. दुसऱ्या महायुद्धांत, १९४४ सालीं, मॅसी-हॅरिस कंपनीचीं ५०० स्वयंचलित कापणीयंत्रें याच रीतीनें दक्षिणेकडून उत्तरेकडे नेण्यांत आलीं, तेव्हांपासून ही पद्धति विशेष प्रसिद्धीस आली. या टोळ्यांचें बिऱ्हाड म्हणजे चाकांवरचें घरच. आपल्याकडील ऊसतोडीचीं कुटुंबें कारखान्याच्या फडावर पाचटाच्या कोप्यांत सहा महिने काढतात, त्यांची मला तेथें आठवण झाली. तिकडच्या कोपीला मात्र स्नानगृह व थंड हवेचें यंत्र होतें.

त्या टोळीच्या मुकादमाजवळ एक-टनी डिझेल ट्रक व पांचव्या चाकाचें पस्तीस फुटी घर होतें. जावईबापूंनीं त्याला डिझेलविषयीं विचारलें. त्यानें शक्तीची तारीफ केली नाहीं. तो म्हणाला कीं वर्षाला वीस हजार मैल मी ओझें ओढतों म्हणून माझें इंजिन निरोगी आहे. दाराशीं उभें राहणारें डिझेल इंजिनच आजारी पडतें. याचा अर्थ पुढीलप्रमाणें. २००७ पासूनच्या अमेरिकन डिझेल ट्रकांच्या धुराच्या नळींत काजळी अडविणारी चाळण बसविलेली असते. इंजिन दूर पल्ल्यावर चांगलें तापलें कीं ती काजळी जळून जाते. रोज दोन मैल बाजारांत जाऊन येणाऱ्या ट्रकची चाळण तुंबते, व ती बदलण्याचा खर्च हजारों डॉलरांत जातो. शिवाय या इंजिनांत तेल फवारण्याचा दाब अतिशय असल्यामुळें पाणी किंवा घाण मिसळलेलें तेल त्यांस मुळींच सोसत नाहीं. आणि चुकून पेट्रोल भरलें गेलें तर सर्व तेलव्यवस्था बदलण्याची पाळी येते. तिकडे डिझेलच्या नळाची मूठ बहुधा हिरवी असते, परंतु सर्वत्र तसें नसतें. म्हणून रंगावर न जातां अक्षरें वाचावीं. थंडींत डिझेलमधील मेण गोठतें, तेव्हां हिंवाळ्याचें निराळें तेल भरावें लागतें.

मुकादमाजवळून आणखी एक माहिती मिळाली. शेतकऱ्यास शेतीकामासाठीं मिळणाऱ्या डिझेलवर रस्त्याचा कर नसतो, म्हणून तें ओळखूं यावें यासाठीं त्यांत लाल रंग मिसळतात. घरीं टाकी भरलेली आहे म्हणून तेंच रस्त्यावरील ट्रकांत ओतण्याचा मोह होतो. पण सांपडल्यास दंड निदान १,००० डॉलर.

यूरियाचें पाणी.—२०१० पासूनच्या डिझेल ट्रकांस दुसरी एक लहान टाकी असते व तींत डी. ई. एफ. नांवाचा द्रव भरावा लागतो. हा द्रव म्हणजे शेकडा ३२.५ यूरिया व बाकी शुद्ध पाणी. धुरांतील विषारी वायूवर त्याचा फवारा मारला कीं त्या वायूचा नायट्रोजन व पाणी होऊन जातें. टाकी रिकामी झाली तर ट्रक वेग देण्याचें नाकारतो. भारतांतही १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांमुळें मोठ्या मालट्रकांस हा द्रव लागतो, म्हणून इशारा देऊन ठेवतों : खताच्या गोणींतील यूरिया पाण्यांत कालवून या टाकींत ओतूं नये. आपला यूरिया निंबोळीचें तेल चोळलेला असतो व त्यांतील अशुद्ध पदार्थ हजारों रुपयांचें यंत्र निकामी करतात.

खर्चाचा ताळेबंद.—आतां वही उघडूं. एकाच ट्रकास डिझेल इंजिन घेतलें तर सुमारें १०,००० डॉलर अधिक पडतात. ओझें ओढतांना पेट्रोलचा ट्रक गॅलनास ८ मैल व डिझेलचा ११ मैल जातो असें धरावें. तेथील गॅलन पावणेचार लिटरांहून किंचित् मोठा. आपल्याकडे डिझेल पेट्रोलहून स्वस्त, तर तिकडे गेलीं कित्येक वर्षें तें बहुधा महागच आहे. मध्यवर्ती सरकारचा करही पेट्रोलवर गॅलनास १८.४ सेंट व डिझेलवर २४.४ सेंट आहे. समजा, पेट्रोल ३.२० डॉलर व डिझेल ३.८० डॉलर भावानें मिळालें. पेट्रोलचा खर्च मैलास ४० सेंट, डिझेलचा ३४.५ सेंट. बचत मैलास साडेपांच सेंट. या बचतींतून दहा हजार डॉलर फिटण्यास सुमारें १ लाख ८२ हजार मैल ओझें ओढलें पाहिजे. जुना डिझेल ट्रक विकतांना जास्त किंमत येते हें खरें. म्हणून निम्मी रक्कम परत मिळेल असें उदारपणें धरूं. तरी ९१ हजार मैल राहिले.

जावईबापू सुट्ट्या मिळून वर्षास चार हजार मैल घर ओढतात. त्यांस ती रक्कम वसूल होण्यास बावीस-तेवीस वर्षें लागतील. तोंवर नातू स्वतःचा ट्रक घेईल. दोन्ही तेलांचा भाव सारखाच, ३.२० डॉलर, धरून मीं हिशेब पुन्हां केला. तरीही अकरा वर्षांहून अधिक काळ निघाला. यांत डी. ई. एफ., डिझेलच्या गाळण्या व इंजिनांत एका वेळीं अधिक लागणारें वंगण हें धरलेंच नाहीं. उलट त्या मुकादमाच्या वीस हजार मैलांस साडेचार वर्षें पुरतात, आणि त्याचें ओझें दुप्पट असल्यामुळें त्याहूनही कमी. एकच आकडेमोड एकाला डिझेल घे म्हणून सांगते व दुसऱ्यास घेऊं नको म्हणून.

हा हिशेब पैशांचा झाला. घाटाचा हिशेब निराळा, व तो मीं जावईबापूंपुढें स्वतंत्र मांडला. ज्याचें भरलेलें घर दहा-बारा हजार पौंडांच्या वर आहे व ज्याला असले उतार वारंवार उतरावयाचे आहेत, त्यानें वही मिटून ठेवून एक-टनी डिझेल घ्यावा. एक्झॉस्ट ब्रेकची किंमत सेंटांत मोजतां येत नाहीं. निवृत्तीनंतर जीं जोडपीं बारा महिने त्या घरांतच राहून देशभर फिरतात, त्यांसही डिझेलच बरा. लांब घर मागें असतां मालट्रकांच्या मोठ्या पंपांवर शिरणें सोपें, ही सोयदेखील त्यांस रोज उपयोगीं पडते. परंतु आमचें घर ७,००० पौंडांचें. तेवढ्यासाठीं उणीव होती ती शक्तीची नव्हे, तर पाठीची व ब्रेकची. घराच्या स्वतःच्या चाकांस विजेचे ब्रेक असतात. तितक्या वजनाच्या ट्रेलरला ते असावे असा तिकडील बहुतेक राज्यांत कायदाच आहे. आमच्या घराचे ते ब्रेक होते, परंतु ट्रकमधील त्यांची कळ इतकी मंद ठेविली होती कीं सर्व ओझें ट्रकच्याच ब्रेकांनीं धरलें. हें जाणत्या कारागिरानें पांच मिनिटांत दाखविलें. डिझेल घेतलें असतें तरी ती कळ तशीच मंद राहिली असती.

जावईबापूंना ही गोष्ट मनापासून रुचली असें म्हणवत नाहीं. मित्रांच्या अंगणांत डिझेल उभे असतां आपण पेट्रोल घ्यावें यांत त्यांस थोडा कमीपणा वाटला. कन्येनें मात्र माझ्या वहीचें तें पान फाडून स्वयंपाकघराच्या कपाटावर चिकटविलें. ऑगस्टमध्यें त्यांनीं दोन वर्षें वापरलेला पाऊण-टनी पेट्रोल ट्रक घेतला. दारावरची चिठ्ठी ३,२०० पौंडांची. काट्यावर नेऊन पाहिलें तों माणसें, सामान व घराचा भार मिळून चौदाशे पौंडांची शिल्लक उरली.

माझ्या परतण्याच्या आधीं, सप्टेंबरांत, आम्ही पुन्हां तोच घाट चढलों. शेवटच्या चढावर इंजिन साडेचार हजार फेरे घेत होतें व वेग ताशीं चाळीस मैलांवर आला. उजव्या बाजूस मालट्रकांच्या रांगेंत मागचे दिवे लुकलुकत ठेवून आम्ही चाललों होतों. डिझेलवाले एकामागून एक डावीकडून पुढें गेले, आणि जावईबापू त्यांच्याकडे पाहत राहिले. बोगद्यांतून बाहेर पडण्यापूर्वींच त्यांनीं गिअर खालीं आणला व उतारभर तो बदलला नाहीं. ब्रेक दाबावयाचा तो थोडा वेळ जोरानें, व मग पाय पूर्ण उचलून चाकांस निवूं द्यावयाचें, असें ते करीत गेले. सिल्व्हरथॉर्नला पेट्रोल भरण्यास थांबलों तेव्हां मीं खालीं उतरून चाकांच्या जवळ हात धरून पाहिला. ऊब होती, वास नव्हता. धाकट्या नातवानें खिडकींतून विचारलें, "आजोबा, आज इथें दोन तास बसायचं नाहीं का ?"